पोपटाला मिरची का झोंबत नाही?

मुलांनो, मिरचीच्या शेतावर पोपटांचा थवा उतरलेला पाहिलाय का कधी? एका पायात मिरची धरायची, चोचीने फाडायची, आतल्या बिया टिपायच्या, उरलेली खाली टाकायची की लगेच दुसरी. डोळ्यांत टिपूस नाही, हाशहुश नाही. आपल्याला त्याच मिरचीचा एक तुकडा वरणात लागला तर तांब्याभर पाणी संपतं.

धाकटीने परवा विचारलं, ‘आजोबा, आजीच्या गुडघ्याच्या मलमात मिरची कशाला घालतात? गुडघा झोंबत नाही का?’ प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर पोपटापासूनच सुरू करावं लागतं.

मिरची मूळची आपली नाही. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि पुढे गावोगाव पसरली. चरकसंहिता या जुन्या वैद्यकग्रंथात तुम्हाला मिरी सापडतील, पिंपळी सापडेल, सुंठ सापडेल. मिरची सापडणार नाही. तिच्या मूळ मुलखातली रानमिरची अगदी इवलीशी असते, वाटाण्याहूनही लहान. आता झाड पडलं एका जागी खिळलेलं. आपलं बी लांब पाठवायचं तर कुणाच्या तरी पोटातून पाठवावं लागतं. पण कुणाच्या? उंदराने फळ खाल्लं तर दाढांखाली बीचा चुरा होतो. पक्ष्याला दात नाहीत. तो असलं इवलं फळ अख्खंच गिळतो, उडून लांब जातो आणि विष्ठेतून बी धडधाकट बाहेर टाकतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान या दोघांनी हे पडताळून पाहिलं. रानमिरचीच्या झुडपांवर कोण येतं, यावर त्यांनी पाळत ठेवली. पक्षी येत होते, उंदीर तोंड लावत नव्हते. मग त्यांनी उंदरांना तिखट नसलेल्या जातीची मिरची खायला घातली. उंदरांनी ती खाल्ली, पण त्यांच्या पोटातून गेलेलं बी रुजलं नाही. पक्ष्यांच्या पोटातून गेलेलं छान रुजलं. २००१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे छापून आलं. म्हणजे पिढ्यानपिढ्या ज्या झुडपांची फळं उंदराला झोंबली, त्यांचाच वंश वाढत गेला. तिखटपणा हा उंदराला दिलेला नकार आहे. पुढे बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवर काम झालं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्याच तिखट द्रव्यामुळे फळाला बुरशीही कमी लागते.

त्या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. मिरची उभी चिरलीत तर आत एक पांढरट शीर दिसते, बिया तिला चिकटलेल्या असतात. कॅप्सेसिन सगळ्यात जास्त त्या शिरेत असतं. बी स्वतः फारसं तिखट नसतं, शिरेला लागून असल्यामुळे ते माखतं.

मग पक्ष्याला झोंबत का नाही? आपल्या जिभेत आणि कातडीत मज्जातंतूंची जी टोकं आहेत, त्यांवर प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात. त्यातलं एक दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, ‘भाजतंय!’ चहाचा कप ओठाला लावून तुम्ही झटकन मागे होता ते याच दारामुळे. कॅप्सेसिन त्या दाराला जाऊन बसतं आणि उष्णता नसतानाही ते उघडतं. मेंदूला वाटतं, जीभ भाजली. घाम फुटतो, नाक वाहतं, डोळे भरतात. प्रत्यक्षात जीभ जागच्या जागी, गारच असते. पक्ष्यांनाही हे दार आहे, उष्णता त्यांनाही कळते. पण त्यांच्या दाराला कॅप्सेसिन बसायची जागा वेगळ्या घडणीची आहे, म्हणून ते तिथे टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे दार शोधून काढलं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं, स्पर्शाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर.

आता आजीचा गुडघा. ते दार एकदा उघडलं तर आग होते. पण रोज, तीन-चार वेळा, थोडं थोडं कॅप्सेसिन लावत राहिलं तर ती मज्जातंतूंची टोकं थकतात आणि निरोप पाठवेनाशी होतात. मग गुडघ्याची खरी दुखही मेंदूपर्यंत कमी पोचते. म्हणून पहिले काही दिवस ते मलम चुरचुरतं आणि लोक ‘मला नाही मानवत’ म्हणून ट्यूब फेकून देतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मध्ये खाडा चालत नाही. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही. गुडघ्याला धरून ठेवणारे मांडीचे स्नायू घट्ट राहावेत म्हणून आजी खुर्चीत बसून पाय सरळ करते आणि मनात आकडे मोजत धरून ठेवते ना, त्या व्यायामाला पर्याय नाही. आणि हे मलम औषधाच्या दुकानातलंच हवं. त्यात कॅप्सेसिनचं प्रमाण हजारात एक भागाच्याही आत असतं. घरची मिरची वाटून लावली तर कातडी भाजते, फोड येतात. म्हातारी कातडी आधीच पातळ असते, तिला ते मुळीच सोसत नाही. मलम लावल्यावर हात साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत.

दुसरी गोष्ट सकाळची आहे. म्हातारपणी सकाळ कशी जाते यावर सगळा दिवस ठरतो, हे तुम्हाला आत्ता कळणार नाही. वय वाढलं की तहान कमी लागते. दात गेले की भाकरी आणि कोशिंबीर मागे पडते, खिचडी पुढे येते. चालणं कमी होतं. त्यात लोहाच्या, कॅल्शियमच्या, काही रक्तदाबाच्या, काही दुखण्याच्या गोळ्या पोट बांधून ठेवतात. मग माणसं फळीवरचं कसलंसं चूर्ण घेतात, पुढे त्याची सवय लागते.

त्यापेक्षा कपाटातलं इसबगोल काढा आणि माझ्यासमोर एक चमचा ग्लासभर पाण्यात टाका. ढवळा आणि बघत बसा. आधी नुसता पांढरा कोंडा तरंगतो. मग एकेक पापुद्रा पारदर्शक होऊ लागतो, कडा विरतात, पापुद्रे एकमेकांना चिकटतात. दहा मिनिटांनी ग्लास कलता करून पाहा, पाणी सांडायला तयार नाही. सगळं बुळबुळीत, थलथलीत झालेलं.

हा कोंडा एका रोपाच्या बियांचं साल आहे. उत्तर गुजरातेत बनासकांठा-मेहसाण्याकडे आणि राजस्थानात जालोर-बाडमेरकडे हे पीक हिवाळ्यात घेतात. उंझा आणि सिद्धपूर ही त्याची मोठी ठाणी, जगभर इसबगोल तिथून जातं. ती जमीन कोरडी, पाऊस बेभरवशाचा. असल्या जमिनीत पडलेल्या बीला ओल मिळाली की ती धरून ठेवता आली पाहिजे. म्हणून बीच्या सालीत लांबच लांब साखळ्यांची शर्करा भरलेली असते. पाण्याचा थेंब लागला की ती फुगते, बीभोवती ओला लपेटा तयार होतो, बी मातीला चिकटतं, वाऱ्याने उडत नाही आणि अंकुराला घोटभर पाणी उशाशी राहतं. पण हीच गोष्ट शेतकऱ्याच्या जिवावर येते. कापणीच्या वेळी अवकाळी सर आली तर दाणे उभ्या पिकातच भिजतात आणि झडून जातात. एका दुपारच्या पावसात हंगाम हातचा जातो.

आपलं आतडं ही शर्करा पचवू शकत नाही. म्हणून तर ती कामाची! बीसाठी जे पाणी धरलं असतं ते ती आतड्यात धरते, मळ मऊ राहतो, त्याला आकार येतो आणि आतड्याला ढकलायला काहीतरी मिळतं. ती पित्तातले क्षारही धरून नेते. ते नव्याने बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं, म्हणून कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९८ मध्ये ही गोष्ट मान्य केली. घरगुती उपायांत इतका भक्कम पुरावा फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मला विचाराल तर साठीनंतरच्या घरात एकच डबा ठेवायचा तर हा ठेवावा.

पण तुम्ही आत्ता ग्लासात जे पाहिलंत ते नीट लक्षात ठेवा. इसबगोल कोरडं किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतलं तर हाच गोळा घशात, अन्ननलिकेत होतो आणि माणूस गुदमरतो. पूर्ण ग्लासभर पाणी घालून, लगेच, बसून प्यायचं आणि वर आणखी अर्धा ग्लास पाणी. अर्धांगवायूनंतर ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना द्यायचंच नाही. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. बाकीच्या गोळ्या दोन तास आधी किंवा नंतर, नाहीतर गोळ्या या लपेट्यात अडकतात. आणि पोट साफ होण्याची रीत अचानक बदलली, रक्त दिसलं, वजन उतरू लागलं तर इसबगोलाचा डबा बंद करून तपासणीला जायचं.

आता ओवा. चिमूटभर तळहातावर घ्या, अंगठ्याने चोळा आणि नाकाशी न्या. नाकात शिरतो ना झणका? तो थायमॉलचा. ओव्याच्या तेलाचा साधारण निम्मा भाग तोच असतो. किडी आणि बुरशी दूर ठेवायला झाडाने तो केला. पण या थायमॉलने एकेकाळी मोठी कामगिरी केली आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात अनवाणी चालणाऱ्या गरीब माणसांच्या तळपायांतून आकडेकृमी शरीरात शिरत, आतड्याला चिकटून रक्त पीत. माणसं पांढरी पडत, मुलांची वाढ खुंटे. १९०९ साली रॉकफेलर नावाच्या धनाढ्य उद्योगपतीच्या पैशातून तिथे मोहीम उभी राहिली आणि कृमी पाडायला औषध दिलं गेलं ते थायमॉल. ते कुठून येत होतं? जर्मनीतून. आणि जर्मनीतले कारखाने ते कशापासून काढत होते? हिंदुस्थानातून जहाजाने गेलेल्या ओव्यापासून! पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनीचं थायमॉल बंद झालं, तेव्हा जगभर त्याचा तुटवडा पडला. पण ते औषध जालीम होतं. त्यावर दारू प्यायली किंवा तेलकट खाल्लं की ते रक्तात भराभर उतरे आणि जीव धोक्यात येई. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि थायमॉल मागे पडलं.

जेवणानंतर आजी चिमूटभर ओवा काळ्या मिठाबरोबर चावून खाते, त्यात थायमॉल अगदी अल्प असतं. प्रयोगशाळेत ओव्याच्या अर्काने आतड्याच्या स्नायूचा पीळ सैल झालेला दिसला आहे. पोट फुगल्यावर बरं वाटतं ते बहुधा म्हणून. तेवढ्यापुरता ओवा चांगला.

आता जे सांगतो ते या सगळ्या गोष्टींत महत्त्वाचं. साठी-सत्तरीच्या माणसाला, विशेषतः बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना, हृदयविकाराचा झटका सिनेमातल्यासारखा छाती धरून येतोच असं नाही. पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं, जळजळतं, मळमळतं, दम लागतो, थंड घाम येतो, जबड्यात किंवा हातात दुखतं. आणि घरात म्हणतात, ‘गॅस झालाय, ओवा दे जरा.’ तास दोन तास तसेच जातात आणि हृदयाचा स्नायू तेवढ्यात मरत असतो. आजी-आजोबांना असं काही झालं तर ओवा शोधायचा नाही, १०८ ला फोन लावायचा. तुमच्यातल्या थोरल्याला फोन लावता येतो, हे मला ठाऊक आहे.

लवंगेचं थोडक्यात सांगतो. लवंग म्हणजे न उमललेली कळी. हे झाड मूळचं इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरचं. तिच्यातलं युजेनॉल मज्जातंतूचा निरोप अडवतं म्हणून दुखऱ्या दाढेत धरली की बधिरपणा येतो. दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात तेव्हा दवाखान्यात जो वास येतो तो त्याच युजेनॉलचा. लवंगेने रात्र निभावते, किडलेली दाढ मात्र तशीच असते. आणि लवंगेचं नुसतं तेल हिरडीवर चोळायचं नाही, हिरडी भाजते.

खोकल्यावर मध उगाच दिलेला नाही. घशावर त्याचा थर बसतो आणि ढास कमी होते. मधुमेह असेल तर तो साखरेच्या हिशोबात धरायचा आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात चाटवायचा नाही.

त्याच खोकल्यावर आजोबा लोक तोंडात जेष्ठमधाची काडी धरतात. मीही धरत असे. आता धरत नाही आणि का ते ऐका. जेष्ठमध गोड लागतं ते ग्लिसरायझिनमुळे. साखरेपेक्षा ते कितीतरी पट गोड. १९४० च्या दशकात नेदरलँड्समधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की जेष्ठमधाच्या अर्काने पोटातले व्रण बरे होतात, पण बऱ्याच रुग्णांच्या पायांवर आणि चेहऱ्यावर सूज येते. कारण पुढे उलगडलं. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडात त्याला निष्क्रिय करणारं एक विकर पहारा देतं. जेष्ठमध त्या पहारेकऱ्यालाच थोपवतं. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला हुकूम सोडतं: मीठ-पाणी धरून ठेव, पोटॅशियम टाकून दे. रक्तदाब चढतो, पाय सुजतात आणि पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ज्याला रक्तदाब आहे आणि लघवीची गोळी चालू आहे त्याने रोज जेष्ठमध चघळणं म्हणजे गोळीच्या उलट काम करणं. एखाद्या दिवशी काढ्यात तुकडा पडला तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने रोज, हे वाईट. घसा बसला की मी कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या करतो.

शेवटी हळद, कारण तिच्याशिवाय आजीचा डबा पुरा होत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आलं. आपल्या घराघरात चालत आलेली गोष्ट, आणि मालकी दुसऱ्याची! तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत अत्यंत गरिबीत शिकलेले. त्यांनी जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे गोळा करून पेटंटला हरकत घेतली. १९९७ मध्ये ते रद्द झालं. नुसतं ‘आमची आजी सांगायची’ म्हणून भागलं नसतं, लिहिलेलं दाखवावं लागलं. ही लढाई मला फार मोठी वाटते.

तरी हळदीचं कर्क्युमिन हट्टी आहे. दुधातून पोटात गेलेल्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. आतडं आणि यकृत मिळून ते बाहेरची वस्तू समजून लगेच घालवून देतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरीन अवघं वीस मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात उतरलेलं कर्क्युमिन वीस पटीने वाढलं! पायपरीन त्या घालवून देणाऱ्या यंत्रणेलाच मंद करतं. ऐकायला छान वाटतं. पण ती यंत्रणा काय एकट्या हळदीसाठी आहे? आपण गिळलेल्या कितीतरी गोळ्यांचा निचरा तीच करते. फिट्सची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण पायपरीनने वाढलेलं दिसलं आहे. म्हाताऱ्या शरीरात मूत्रपिंडं आणि यकृत आधीच सावकाश चालतात, त्यामुळे वाढलेलं लवकर उतरतही नाही. भाजीतल्या हळद-मिऱ्याची कसलीच भीती नको, ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. बाजारातल्या हळद-मिऱ्याच्या, लसणाच्या, आल्याच्या घट्ट अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना त्या घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो.

आणि हे डॉक्टरांना कळणार कसं? म्हातारी माणसं दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं दाखवतात, चूर्णाची पुडी पिशवीतच ठेवतात. ‘ते काय औषध आहे होय? ते घरचंच!’ असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणून तुमच्यासाठी एक काम आहे. पुढच्या वेळी आजीबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा आदल्या रात्री तिच्याशेजारी बसून एका कागदावर सगळं लिहून काढा: कोणतं चूर्ण, कोणता काढा, कोणती कॅप्सूल, किती आणि केव्हा. अक्षर मोठं काढा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.